राघोच्या नसलेल्या गाडीचा क्लच

कामतघर, भिवंडी
६ ऑगस्ट २००६

राघोदादांस केसरीनाथचा नमस्कार.

ही चिठ्ठी दुधाच्या टेम्पोवाल्याच्या हाती देतो आहे. वाचून झाली की गोठ्यातच फाडा, घरात नेऊ नका. गोदूताईंच्या हाती पडली तर संध्याकाळच्या आत विनिताला कळेल. आपल्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी आहेत आणि त्यांच्या टेलिफोनला लोडशेडिंग नसतं.

आजपासून तुमच्याकडे एक मोटरसायकल आहे. घाबरू नका. ती आणायची नाही, ठेवायची नाही, तिच्यात पेट्रोल घालायचं नाही. कुणी विचारलंच तर फक्त आहे म्हणायचं. फोर-स्ट्रोक, काळी, दोन वर्षं जुनी. तिचा क्लच घसरतो.

आता कारण सांगतो. माझा शाळेपासूनचा दोस्त इद्रीस तुम्हाला ठाऊक आहे. मस्कतला गॅरेजात असतो. दहा वर्षांपूर्वी जाताना त्याने त्याची टू-स्ट्रोक मोटरसायकल माझ्या ताब्यात दिली आणि म्हणाला, "वापर, पण जप." दहा वर्षं मी ती वापरली. जपायचं तेवढं राहिलं.

या मे महिन्यात आमच्याकडे रोज सात-सात तास लाइट जायची. लाइट आली की आठही लूमना कापड विणायला भरलेल्या कांड्या तयार लागतात, आणि कांड्यांना सूत गुंडाळायचं मशीनही लाइटवरच चालतं. म्हणून आमचा जॉबर तुळशीराम, म्हणजे लूम दुरुस्त करणारा, त्याने डोकं चालवलं. गाडी स्टँडवर लावली, मागचा टायर काढला, रिमवरून पट्टा घेऊन कांडी मशीनला जोडला. वीस दिवस इद्रीसच्या गाडीने कांड्या भरल्या. लोक पोरंबाळं घेऊन बघायला यायचे. आता ती गाडी रस्त्यावर नुसती किंचाळते, पुढे जेमतेम सरकते. किंचाळते हे मला विनिता सांगते. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यावर मला कुणाचंच किंचाळणं ऐकू येत नाही, आणि एरवी त्याबद्दल माझी तक्रार नसते.

इद्रीस दहा डिसेंबरला येतोय. त्याच्या गाडीवर मी मशीन चालवलं हे त्याला कळलं, तर तो शिवी देणार नाही. मला "केसरीनाथराव" म्हणायला लागेल. पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या माणसाच्या तोंडून तो राव मला सोसायचा नाही. गावातल्या मेकॅनिककडे जायची सोय नाही, निम्मे त्यानेच शिकवलेले. तेव्हा क्लच घरीच, आधीपेक्षा मजबूत करून बसवायचा आणि कसा बसवायचा ते त्यालाच विचारायचं, तुमच्या नावावर.

तुमचा साडू,
केसरीनाथ


खारबाव
८ ऑगस्ट

केसरीनाथशेट यांस राघोचा रामराम.

चिठ्ठी पोचली. वाचून फाडली. मग गाडीचा रंग इसरलो म्हनून तुकडे परत जोडले. तवर एक तुकडा म्हशीनं खाल्ला, त्याच्यावर गाडी कोनती ते लिवलं व्हतं.

आमच्याकडं सायकल हाय, तीपन चैनीशिवाय. कुनी म्हनालं चालवून दाखव, तं काय दाखवू? गोदीनं इचारलं गाडी कवा घेतली, तं काय सांगू? तुमी घोळ घालता नि मधी आमाला उभं करता. कळवा.

राघो


कामतघर
९ ऑगस्ट

प्रिय इद्रीस,

सलाम. इकडे तय्यबावहिनी, तुझी पोरगी बुशरा, सगळे मजेत. फोनवरच विचारणार होतो, पण माझ्या कानांचं तुला माहीत आहे. शिवाय बूथवर दोस्तापेक्षा मीटरकडेच जास्त लक्ष जातं.

काम माझं नाही. खारबावचे माझे साडू राघोदादा, म्हशीवाले, त्यांनी एक फोर-स्ट्रोक मोटरसायकल घेतली आहे. तिचा क्लच गेला. गाडी आवाज करते, वेग घेत नाही, माणूस मागे बसला की जागची हलत नाही. मेकॅनिकवर त्यांचा विश्वास नाही, म्हणतात घरीच करू. नुसता बदलायचा नाही, चांगला दणकट करायचा आहे. मी म्हटलं, आमचा इद्रीस मस्कतला बसून भिवंडीतली गाडी दुरुस्त करेल. सगळं पायरीपायरीने लिही. राघोदादांना यंत्रातलं काही कळत नाही.

तुझी गाडी झकास आहे. कालच पुसली.

तुझा,
केसरी


मस्कत
२४ ऑगस्ट

केसरी,

पत्र मिळालं. राघोंना गाडी मुबारक. गेल्या खेपेला भेटले तेव्हा मोटरसायकलवाल्यांना जमीन विकलेली कार्टी म्हणत होते. माणूस बदलतो, चांगलं आहे.

तर राघोंना सांग. गाडी मधल्या स्टँडवर लावायची. खालचा बोल्ट काढून तेल परातीत घ्यायचं. क्लच उजव्या बाजूला असतो, म्हणून किकचा दांडा काढून उजवं झाकण खोलायचं. झाकणाचे बोल्ट लहानमोठे असतात. पुठ्ठ्यावर झाकणाचं चित्र काढून ज्या जागचा बोल्ट त्या जागी टोचून ठेवायचा, नाहीतर लावताना राघो रडतील. आत क्लचचा डबा. त्यावर चार स्प्रिंगा, त्या काढल्या की एकाआड एक प्लेटा: एक लोखंडी, एक क्लच प्लेट. फोर-स्ट्रोकला क्लच प्लेटा चार. करपट वास येत असेल तर चारही फेकायच्या. नव्या प्लेटा लावण्याआधी एक रात्र तेलात बुडवून ठेवायच्या. दणकट करायचा तर स्प्रिंगा थोड्या कडक घ्यायच्या. थोड्या. झाकण लावून एक लिटर तेल.

एक गोष्ट नीट बघून कळव. लिव्हर किती जड लागतो? डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांनी पुरता दाबता येतो का?

आमच्या गाडीला अधूनमधून किक मारत जा. उभी राहून राहून बिघडायची.

तुझा,
इद्रीस


कामतघर
८ सप्टेंबर

प्रिय इद्रीस,

गणपती झाले आणि गाडी खोलली. मी म्हणजे राघोदादांनी. मी नुसता शेजारी उभा होतो, माझे हात काळे झाले ते कुतूहलाने.

पहिला घोटाळा. तू लिहिलंस चार स्प्रिंगा, निघाल्या सहा. तू लिहिलंस चार क्लच प्लेटा, निघाल्या पाच. तुळशीराम म्हणाला, "शेट, निघाल्या तितक्या घाला." मी त्याला झापलं, "तू लूमचा जॉबर, तो मस्कतचा मेकॅनिक. कुणाचं ऐकू?" कंपनीने चुकून जास्त घातल्या असतील असं धरून आम्ही नव्या चारच प्लेटा आणि चारच स्प्रिंगा लावल्या. दोन स्प्रिंगा पोरांनी पळवल्या. उरलेली प्लेट विनिताने गरम पातेलं ठेवायला घेतली आहे. ती खारबावला गेली होती ना, तिथून आणली.

दुसरा घोटाळा तेलाचा. एक लिटर ओतायला घेतलं, तर अर्ध्याच्या थोडं पुढे गेल्यावर ते वरून परत बाहेर यायला लागलं. मी म्हटलं, इद्रीसने लिटर लिहिलंय म्हणजे लिटर. दाबून ओतलं. सगळ्या ओटीवर तेल. विनिता घसरून पडता पडता राहिली. गोदूताई. गोदूताई घसरल्या. विनिता बघत होती.

आणि तिसरा घोटाळा असा की गाडी पूर्वी निदान एकट्या माणसाला घेऊन जायची. आता मुळीच हलत नाही. गिअर टाकला, क्लच सोडला, इंजिन बोंबलतंय आणि गाडी शांत उभी. तुळशीराम म्हणतो, "शेट, आता ही गाडी बसून वाफ घ्यायला बरी."

मला काही कळेनासं झालंय. तू सांगितलंस त्यातलं एक अक्षर आम्ही बदललेलं नाही. मग चुकलं कोण? झाकणाचं चित्र पुठ्ठ्यावर काढलं होतं, ते घडी घालून सोबत धाडतो आहे. बघ, काही लक्षात येतं का. नवरात्राच्या आत उत्तर दे.

लिव्हरचं विचारलंस. सध्या तो करंगळीनेही दाबला जातो, पण दाबला काय, न दाबला काय.

तुझा,
केसरी

ता. क. तुझी गाडी उत्तम. तिला मी हातही लावत नाही.


मस्कत
२० सप्टेंबर

जनाब राघोभाऊ,

सलाम. आपली भेट जुनी आहे. तुमच्या म्हशीच्या खरवसाची चव अजून तोंडात आहे.

केसरीच्या पत्रांतून तुमच्या गाडीची हकीकत कळते, पण जरा गोंधळाची. म्हणून तुम्हालाच थेट विचारतो. तुमची गाडी टू-स्ट्रोकसारखी पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालते, की फोर-स्ट्रोकसारखी नुसत्या पेट्रोलवर? आणि क्लचचा लिव्हर दोन बोटांनी दाबला जातो का? बाकी काही नाही कळवलंत तरी चालेल, हे दुसरं जरूर कळवा.

गोदूवहिनींना सलाम सांगा. घसरून लागलं नाही ना त्यांना?

आपला,
इद्रीस


खारबाव
४ ऑक्टोबर

इद्रीसभाई यांस राघोचा रामराम.

तुमचं पत्र नेमकं गोदीच्या हाती पडलं. आता ती इचारते का मी कुटं घसरली. मी म्हनालो इसरली आसशील. दोन दिस बोलत न्हाय.

गाडी बरी हाय. काळी हाय. दोन सालांची हाय, अजून लहानच म्हनायची. सकाळी थोडी रुसते, मंग पाठीवरनं हात फिरवला का उभी ऱ्हाते. तेलाचं इचारलंत. तेल देतो मी तिला, सनासुदीला. पेट्रोल कवा देतो कवा न्हाय, जशी भूक.

लिव्हर दोन्ही बाजूंना हाय. कुनाचा मागे-पुढे न्हाय, दोन्ही सारखे. बोटांचं म्हनाल तं अल्लाच्या नि एकवीरेच्या कृपेनं माझी धाही शाबूत हाईत, धार काढताना सगळी लागतात. तुमचीपन तशीच ऱ्हावोत.

तुमी आलात का या. गाडी दाखवीन. तवर कुनी नेली न्हाय तं.

राघो


कामतघर
६ ऑक्टोबर

प्रिय इद्रीस,

तुझं उत्तर यायची वाट बघितली नाही. गाडी चालू झाली!

शेवटी तुळशीरामचंच ऐकलं. म्हणजे राघोदादांनी ऐकलं. तो म्हणाला, "शेट, लूममधून निघालेला नट कधी उरवला का मी? उरला म्हंजे तुमी विसरलात." पाचही नव्या प्लेटा घातल्या. तेल मावेल तितकंच ओतलं. आणि स्प्रिंगा? थोड्या कडक म्हणालास ना, मी म्हटलं थोडं कशाला! मोठ्या जड मोटरसायकलच्या सहा स्प्रिंगा आणल्या, आणि त्यांच्याखाली एकेक वायसर टाकून आणखी आवळल्या. आता हा क्लच आपल्या जन्मात घसरत नाही. कामतघर ते अंजूरफाटा मागे तुळशीराम आणि त्याच्या मांडीवर सुताची गोणी घेऊन गेलो. गाडी घोड्यासारखी उडी मारून निघते. पहिल्या उडीला तुळशीराम आणि गोणी दोघंही पाणीपुरीच्या गाडीजवळ उतरले होते, पण परत बसले.

लिव्हर दाबायला चार बोटं लागतात आणि दात. मी दात-ओठ खाऊन दाबतो. मर्दाचा क्लच झालाय. तू दोन बोटांचं काय घेऊन बसला होतास, कळलं नाही. मेकॅनिक लोकांची नजाकत असेल. आता दोन बोटांनी तर तो पैलवानाच्या बापाच्यानेही हलायचा नाही.

विनिता म्हणते, इतकी मेहनत राघोभावजींच्या गाडीवर करता, आणि ती उभी मात्र आपल्याच गाळ्यात असते. तिला काय उत्तर द्यावं तेही जमलं तर लिही.

तुझा,
केसरी


मस्कत
२६ ऑक्टोबर

केसरी,

ईद झाली. तुमची दिवाळी झाली. आता खरं बोलायला हरकत नाही.

तुझ्या पहिल्या पत्राच्या दोन महिने आधीच तय्यबाने मला सांगितलं होतं की केसरीभावोजींनी तुमच्या गाडीला पट्टा लावून कांड्या भरल्या. ती स्वतः बुशराला घेऊन बघायला आली होती, तू कामात होतास म्हणून बोलली नाही. मला राग आला होता का? आला होता. आठवडाभर. मग वाटलं, लिहील. केसरी आपणहून लिहील. तू लिहिलंस ते राघोंच्या फोर-स्ट्रोकबद्दल. तेव्हा ठरवलं, फोर-स्ट्रोकचं विचारलंय तर फोर-स्ट्रोकचंच उत्तर द्यायचं. चार स्प्रिंगा, चार प्लेटा, एक लिटर तेल, सगळं अगदी बरोबर लिहिलं होतं. फक्त तुझ्यासमोर ती गाडी नव्हती, माझी टू-स्ट्रोक होती. गोदूवहिनी घसरल्या तिथे मी इतका हसलो की माझ्या खोलीवरचा मल्याळी उठून बसला.

पुठ्ठ्यावरचं चित्रही मिळालं. त्यात खालच्या कोपऱ्यातल्या बोल्टावर तू "हा वेगळाच" असं लिहिलं आहेस. तो तय्यबाच्या शिलाई मशीनचा बोल्ट आहे. मीच लावला होता.

राघोंचं पत्रही आलं. त्यांची दहाही बोटं शाबूत आहेत हे वाचून हसलो आणि मग हसू पुढे जाईना. आता माझं ऐक.

मार्चमध्ये गॅरेजात गिअरबॉक्स उतरवताना साखळी सुटली. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. पहिली दोन आणि अंगठा आहेत, त्यांच्यातही जोर पूर्वीचा नाही. गॅरेजवाल्याने चार महिने काउंटरवर बसवलं, मग म्हणाला, व्हिसा पुढे वाढवत नाही. मी रजेवर येत नाही, कायमचा येतोय. तय्यबाला यातलं काहीच सांगितलेलं नाही. फोनवर हात दिसत नाही, हे फोनचं बरं आहे.

इकडे मी रात्रंदिवस एकच हिशेब करत होतो की घरी गाडी आहे. गाडीवर स्पेअर पार्ट बांधून शेलार, खारबाव, अंजूर करत गॅरेजवाल्यांना माल पोचवायचा. त्या गाडीवर पोट आहे, केसरी, आणि तिचा क्लच मला दोन बोटांनी दाबायचा आहे. म्हणून विचारत होतो. तू मर्दाचा क्लच केलास. चांगला केला असशील. मला तो चालवता येणार नाही.

तुला खेळवत बसलो तेव्हाच नीट सांगितलं असतं तर तू वायसर घातले नसतेस. ती चूक माझी.

इद्रीस


कामतघर
८ नोव्हेंबर

इद्रीस,

तुझं पत्र गाळ्यात उभ्यानेच वाचलं. लाइट होती, लूम चालू होते. मी हात केला तर तुळशीरामने सगळे लूम बंद केले, त्याला वाटलं कुणी गेलं.

आधी माफी मागतो. ही ओळ तीनदा खोडली, कारण तिन्ही वेळा तिच्यात तुळशीरामचं नाव येत होतं. पट्टा त्याने लावला, पण लाव म्हणालो मी. गाडी तुझी आणि तोंड तुझं, त्या तोंडून 'केसरीनाथराव' निघेल म्हणून घाबरून मी एका म्हशीवाल्याला मोटरसायकल दिली. माझंच चुकलं.

आता तुला शिव्या. मार्चपासून तू आपली बोटं लपवतोयस आणि मला प्लेटा मोजायला लावतोस? मी घाबरून खोटं बोललो ते माझ्या स्वभावात आहे, शाळेपासून सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या कधी होतं? बोटं गेल्याची बातमी बायकोला नाही, मला नाही, आणि विचारतोस कुणाला? राघोदादांना!

असो. वायसर त्याच दिवशी काढले. मोठ्या स्प्रिंगा काढून जुन्या मापाच्या घातल्या. लिव्हर हलका झाला, पण कशेळीच्या पुलाच्या चढावर मागे माल बांधला की क्लच पुन्हा घसरतो. कडक घातल्या की तुझा हात चालत नाही, नरम घातल्या की गाडी चालत नाही. चार दिवस हेच चाललंय, डोकं कांडीसारखं गरगरतंय. किती नरम म्हणजे तुला पुरेल हे मला इथे बसून कसं कळणार? म्हणून कांडीचं सूत घेतलं आणि माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट तळहाताशी घट्ट बांधून टाकलं. आता सकाळपासून दोन बोटांवर गाडी चालवतो.

इद्रीस, फार दुखतं रे. कल्याण नाक्याच्या ट्रकांच्या गर्दीत पावलापावलाला क्लच. घरी येईपर्यंत मनगट सुजतं. लोक विचारतात, बोटांना काय झालं? मी सांगतो, लूममध्ये आली. सगळे हळहळतात. विनिताला काहीच सांगितलेलं नाही, ती जेवताना माझ्याकडे नुसती बघते आणि पोळीचे तुकडे करून देते.

काहीतरी करतो. तू येईपर्यंत होईल, काळजी करू नकोस.

केसरी


कामतघर
२१ नोव्हेंबर

इद्रीस,

हे पत्र तू निघायच्या आधी पोचावं म्हणून रजिस्टर करतोय.

क्लचचं जमलं. जमवलं तुळशीरामने. मी बांधलेल्या बोटांनी लिव्हर दाबत कण्हत होतो तेव्हा तो म्हणाला, "शेट, तुमी सारखं स्प्रिंगेच्या मागं लागलाव. लूमचा हँडल जड झाला तं आपण स्प्रिंग बदलतो का? दांडा लांब करतो." क्लचची केबल इंजिनाजवळ ज्या छोट्या दांडीला ओढते, ती दांडी त्याने वेल्डिंग करून दीड इंच वाढवली. केबलही थोडी लांब घ्यावी लागली. आता कडक स्प्रिंगा आत आहेत, वायसर नाहीत, पाच प्लेटा आहेत, आणि लिव्हर दोन बोटांनी येतो. लिव्हर थोडा जास्त आत घ्यावा लागतो एवढंच. कशेळीचा चढ मागे दोन गोण्या बांधून चढलो. घसरला नाही. तुझ्यासारख्या मेकॅनिकला हे आधी का सुचलं नाही, ते आल्यावर तुळशीरामसमोर सांग, त्याला ऐकायचं आहे.

राघोदादांना निरोप धाडला की तुमची मोटरसायकल परत घेतली. त्यांनी कळवलं की गोदूताईंनी सगळ्या आळीला गाडीचं सांगून टाकलंय, आता अशी एकाएकी नेता येणार नाही.

आता खरं सांगायचं ते. मी तोंड उघडलेलं नाही, माझ्या आठही लूमची शपथ. काल तय्यबावहिनी आल्या होत्या. केसरीभावोजींची बोटं गेली असं त्यांच्या कानावर गेलं होतं. मऊ भाताचं खिमट करून आणलं होतं, जणू मला दातच नाहीत.

"भावोजी, हात दाखवा."

"काही नाही वहिनी, परवा लूममध्ये आली."

"परवा? चार दिवस तुमच्या आळीला लाइट कुठेय? लूम काय फुंकर मारून चालवले?"

मी हात मागे घेतला. त्यांनी ओढून पुढे घेतला आणि सूत उलगडायला लागल्या. विनिता दारात उभी. सूत संपलं आणि आत दोन धडधाकट बोटं निघाली. विनिताने कपाळावर हात मारून घेतला. वहिनी हसल्या नाहीत.

"चांगली बोटं कोण बांधतं?"

"सवय करतोय."

"कसली?"

माझी नजर गाडीकडे गेली, इद्रीस. मला खोटं पटकन सुचतं, तुला माहीत आहे. काल एकही सुचलं नाही. त्या उठल्या, गाडीपाशी गेल्या. ती नवी लांब दांडी बघितली. मग डाव्या हाताची पहिली दोन बोटं लिव्हरवर ठेवली, बाकीची दोन मुठीत मिटून घेतली, आणि दाबून सोडला. पुन्हा दाबला. विनिताने आणलेल्या चहावर साय धरली तरी त्या तिथेच उभ्या होत्या.

मग म्हणाल्या, "मार्चपासून फोटो पाठवतात, सगळ्यांत एकच हात दिसतो. मला वाटलं फोटोवाल्याला अक्कल नाही."

मी म्हटलं, "वहिनी, मी काही सांगितलेलं नाही."

"नाही ना. तुम्ही कुठे काय सांगता." पदराने त्यांनी लिव्हर पुसला, तेल लागलं होतं असं नाही. "त्यांना लिहा. दहा तारखेला येताना हात खिशात घालून येऊ नका म्हणावं. मी दारात उभी असेन. मला दोन्ही हात दिसले पाहिजेत."

तसं लिहिलं आहे.

तुझा,
केसरी